बदललेल्या निकालालाही जागा द्यावी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने आपल्या क्रीडापानावर इटलीची क्रॉस-कंट्री स्कीपटू स्तेफानिया बेल्मोन्दो हिच्याविषयी एक छोटी चौकट प्रसिद्ध झाली. मराठी वृत्तपत्रात या खेळाला आणि या खेळाडूला जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र त्या चौकटीत तिची ऑलिंपिक पदके नऊ असल्याचे म्हटले आहे. ती दहा आहेत : दोन सुवर्ण, तीन रौप्य आणि पाच कांस्य. चूक एका पदकाचीच आहे आणि एरवी तेवढ्यासाठी मी आपला वेळ घेतला नसता. परंतु हे दहावे पदक तिला शर्यतीच्या दिवशी मिळालेच नव्हते. ते मागाहून, निकालात दुरुस्ती झाल्यावर तिच्या नावावर लागले. ते का आणि कसे लागले हे पाहिल्याखेरीज तिची कारकीर्द नीट उमगत नाही, असे माझे मत असल्यामुळे हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

मी नाशिक जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत बरीच वर्षे क्रीडाशिक्षक होतो. स्की पायाला बांधण्याचा योग मला कधी आला नाही. माझा संबंध आला तो लांब पल्ल्याच्या शर्यती पळणाऱ्या मुलींशी, आणि त्या वाटेनेच मी या खेळाकडे वळलो, कारण क्रॉस-कंट्री स्कीइंग हे मुळात लांब पल्ल्याचे धावणेच आहे. फरक इतकाच की येथे पायांच्या जोडीला दोन्ही हात, खांदे आणि पाठ यांनाही सारखीच मेहनत करावी लागते. डोंगरावरून वेगाने खाली येण्याचा जो प्रकार आपण दूरदर्शनवर पाहतो, त्यात टाच पट्टीला घट्ट बसवलेली असते. येथे बूट स्कीला फक्त पुढच्या टोकाशी, पायाच्या बोटांजवळ अडकवलेला असतो आणि टाच मोकळी असते. प्रत्येक पाऊल बोटांवर आणि चवड्यावर जोर देऊन पुढे टाकावे लागते. ही बारीकशी गोष्ट वाचकांनी कृपया लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

बेल्मोन्दोचा जन्म १३ जानेवारी १९६९ रोजी विनादिओ या गावी झाला. वायव्य इटलीतील पिएमोन्ते प्रांतात, कूनेओ जिल्ह्यात, स्तूरा नदीच्या खोऱ्यात हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकातला एक प्रचंड किल्ला गावाला लागूनच उभा आहे, कारण हेच खोरे वर चढत जाऊन मादालेना खिंडीतून फ्रान्समध्ये उतरते आणि एकेकाळी या वाटेवर पहारा ठेवणे भाग होते. इटलीतील क्रॉस-कंट्रीचे माहेरघर म्हटले जाते ते याच्या दुसऱ्या टोकाला, ईशान्येकडे, फ्रिउली आणि त्रेन्तिनो या भागांत. तिची सर्वांत मोठी देशी प्रतिस्पर्धी मान्युएला दी चेन्ता त्या बाजूची, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या पालुत्साची. म्हणजे आल्प्सच्या दोन टोकांच्या या दोघी एकाच संघात होत्या, रिलेमध्ये एकमेकींच्या भरवशावर धावत होत्या आणि वैयक्तिक शर्यतीत एकमेकींना मागे टाकण्यासाठी जिवाचे रान करीत होत्या. इटालियन वृत्तपत्रांनी या चढाओढीवर रकानेच्या रकाने भरले. मला मात्र त्यातले भांडण महत्त्वाचे वाटत नाही. ज्या देशाकडे स्त्रियांच्या या खेळातले ऑलिंपिक सुवर्ण १९९२ पर्यंत एकही नव्हते, तेथे एकाच पिढीत या दोघी निपजल्या, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

तिची नोकरी इटलीच्या राज्य वनरक्षक दलात होती. तेथे त्या काळी बहुतेक हिवाळी खेळाडू पोलीस, लष्कर, सीमाशुल्क किंवा वनविभाग यांच्या क्रीडागटांत भरती होत आणि वर्षभर सराव करू शकत. आपल्याकडे रेल्वे, सेनादल आणि पोलीस जे काम करतात त्याच जातीची ही व्यवस्था होती. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये ती एकोणीस वर्षांची होती आणि तेथे तिला पदक मिळाले नाही. तेथून २००२ पर्यंत ती सलग पाच हिवाळी ऑलिंपिक खेळली.

पहिले सुवर्ण आले ते १९९२ साली, फ्रान्समधील आल्बेर्व्हिल ऑलिंपिकमध्ये. स्त्रियांसाठी ३० किलोमीटरची शर्यत त्या वर्षी ऑलिंपिकमध्ये प्रथमच ठेवण्यात आली होती. त्याआधीच्या दोन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा सर्वांत लांब पल्ला २० किलोमीटरचा होता. ल्युबोव येगोरोवा आणि येलेना व्याल्बे या दोघी रशियन स्कीपटू तेव्हा जगात सर्वांत बलाढ्य समजल्या जात आणि त्या ऑलिंपिकमधली तीन सुवर्णपदके येगोरोवाच्या गळ्यात पडलेलीही होती. ले सेझी येथील चढउतारांच्या मार्गावर तेवीस वर्षांच्या बेल्मोन्दोने एक तास साडेबावीस मिनिटांत ३० किलोमीटर पूर्ण केले आणि येगोरोवाला सुमारे बावीस सेकंदांनी मागे टाकले. व्याल्बे तिसरी आली. इटलीच्या स्त्रीने क्रॉस-कंट्रीमध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. योगायोग असा की इटलीचे या खेळातले पहिले पुरुष सुवर्णही ३० किलोमीटरमध्ये आणि फ्रान्सच्याच आल्प्समध्ये आले होते : १९६८ साली, ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये, फ्रान्को नोनेस याने. त्याच्याआधी उत्तर युरोप आणि सोव्हिएत संघ सोडून इतर कोणत्याही देशाच्या पुरुषाने क्रॉस-कंट्रीचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, स्वीडनमधील फालुन येथे तिने दोन जागतिक अजिंक्यपदे पटकावली. ती चोवीस वर्षांची होती आणि आता बरीच वर्षे हिचेच राज्य चालणार असे कोणालाही वाटले असते. नेमक्या त्याच वर्षी तिच्या पायाचा अंगठा दुखावला आणि तिला शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. टाच मोकळी आणि सगळा जोर पुढच्या बोटांवर, हे मी वर सांगितले ते याचसाठी. धावपटूचा अंगठा दुखावला तर तो निदान पाऊल थोडे तिरके टाकून वेळ मारून नेतो. स्कीपटूला तीही सोय नाही, कारण त्याचा बूट तेथेच तर अडकवलेला असतो. तशाही स्थितीत तिने १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदके मिळवली. पण त्याच स्पर्धेत दी चेन्ताने पाच शर्यतींत पाच पदके जिंकली, त्यांतली दोन सुवर्ण, आणि साहजिकच सगळे कॅमेरे तिच्याकडे वळले. १९९५ च्या जागतिक स्पर्धेतून बेल्मोन्दो रिकाम्या हाताने परतली. तिची कारकीर्द लिहिताना बहुतेक लेखक या दोन-तीन वर्षांवरून एका वाक्यात उडी मारतात. पायात कळ असताना रोज पहाटे बर्फावर उतरणे म्हणजे काय, हे त्या वाक्यात मावत नाही. दुखापतीतून सावरणाऱ्या मुली मी शाळेच्या मैदानावर पाहिल्या आहेत. वेदनेपेक्षा त्यांना मोठी भीती वाटते ती आपल्या जागी आता दुसरी कोणी आली असेल याची. बेल्मोन्दोच्या बाबतीत तर ती दुसरी तिच्याच संघात होती.

यानंतर १९९७ साल येते आणि माझ्या मते हेच तिच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे वर्ष आहे, जरी त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत तिला एकही सुवर्ण मिळाले नाही. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे ती स्पर्धा झाली. स्त्रियांच्या शर्यती एकूण पाच होत्या : चार वैयक्तिक आणि एक रिले. रशियाच्या व्याल्बेने पाचही जिंकल्या. चारही वैयक्तिक शर्यतींत तिच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर होती बेल्मोन्दो. पाच किलोमीटर असो वा तीस, काठ्यांनी ढकलत समांतर चाकोरीतून जाण्याची क्लासिकल पद्धत असो वा स्केटिंगसारखी पाय फाकवून जाण्याची मोकळी पद्धत असो, हिवाळा तोच, रशियन प्रतिस्पर्धी तीच आणि दुसरा क्रमांकही तोच. पाठलागाच्या शर्यतीत, म्हणजे आधीच्या शर्यतीतल्या वेळेच्या फरकाने खेळाडू एकामागून एक सुटतात त्या शर्यतीत, तर दोघी अंतिम रेषेवर इतक्या बरोबरीने आल्या की छायाचित्र पाहून निर्णय द्यावा लागला आणि तोही व्याल्बेच्या बाजूने गेला.

चार वेळा दुसरी येणे हे अपयश म्हणून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. मी ती रीत मानीत नाही. क्रॉस-कंट्रीमध्ये पाच किलोमीटरला लागणारा वेग आणि तीस किलोमीटरला लागणारा दम या दोन निराळ्या गोष्टी आहेत; शिवाय प्रत्येक दिवशी बर्फ बदलतो, हवेतला ओलावा बदलतो आणि स्कीच्या तळाला कोणते मेण लावायचे याचा अंदाज थोडा जरी चुकला तरी जगातली सर्वोत्तम खेळाडूही विसाव्या क्रमांकावर जाऊ शकते. अशा खेळात दोन वर्षांपूर्वी रिकाम्या हाताने परतलेली आणि पायावर शस्त्रक्रिया झालेली स्त्री एका स्पर्धेतल्या प्रत्येक वैयक्तिक शर्यतीत जगात दुसरी येते, याला मी सुवर्णाहून कमी मानायला तयार नाही.

त्या चारांपैकी पाच किलोमीटरच्या रौप्याची हकीकत मात्र थोडी वेगळी आहे आणि माझ्या मूळ मुद्द्याची सुरुवात तेथूनच होते. ती शर्यत प्रत्यक्षात येगोरोवाने जिंकली होती. नंतर तिच्या चाचणीत ब्रोमान्टान हे बंदी असलेले उत्तेजक द्रव्य सापडले, तिचा निकाल रद्द झाला, आणि व्याल्बे दुसरीची पहिली व बेल्मोन्दो तिसरीची दुसरी झाली. म्हणजे ज्या खेळाडूला हरवून बेल्मोन्दोने १९९२ साली पहिले सुवर्ण घेतले होते, तीच पाच वर्षांनी तिच्या पुढून अशा रीतीने बाजूला झाली.

१९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये तिला ३० किलोमीटरमध्ये रौप्य आणि रिलेमध्ये कांस्य मिळाले. १९९९ मध्ये ऑस्ट्रियातील रामझाऊ येथे तिने पुन्हा दोन जागतिक सुवर्णपदके जिंकली. फालुननंतर सहा वर्षांनी. जागतिक स्पर्धांतील तिची एकूण पदके तेरा भरतात, त्यांत चार सुवर्ण आहेत. संपूर्ण मोसमाचा विश्वचषक मात्र तिला कधीच मिळाला नाही. तो दी चेन्ताने दोनदा जिंकला. हेही नोंदवणे न्यायाचे आहे.

आता २००२. सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधले अगदी पहिले सुवर्ण ठरणार होते ते ९ फेब्रुवारीला, स्त्रियांच्या १५ किलोमीटर शर्यतीत. मार्ग सोल्जर हॉलो येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटर उंचीवर. सगळ्या जणी एकाच वेळी सुटणार होत्या. बेल्मोन्दोला तेहेतीस वर्षे पूर्ण झाली होती. शर्यतीचे जवळजवळ दोन-तृतीयांश अंतर संपत आले असताना, ती पुढच्या घोळक्यात असताना, तिची एक काठी मोडली.

काठी मोडणे म्हणजे काय ते सांगतो. या पद्धतीत खेळाडूच्या छातीहून उंच, वजनाला अगदी हलकी अशी काठी दोन्ही हातांत असते. चढावर पाय जितके काम करतात जवळजवळ तितकेच काम हात करतात. दोन्ही काठ्या एकदम रोवून शरीर पुढे खेचले जाते. एक काठी गेली की एका बाजूचा रेटाच नाहीसा होतो, शरीर वळू लागते आणि ते सरळ ठेवण्यातच ताकद खर्च होते. शेजारून जाणाऱ्या प्रत्येक प्रतिस्पर्धीच्या हातात मात्र दोन काठ्या असतात. नियमानुसार मोडलेली काठी बदलता येते, पण ती देणारा माणूस मार्गावर जेथे उभा असेल तेथवर जावे लागते. बेल्मोन्दो काही शे मीटर एकाच काठीवर जात राहिली. पुढचा घोळका तिच्यापासून सुटला. एकामागून एक बायका तिला ओलांडून गेल्या. मग तिला दुसरी काठी मिळाली आणि तिने हरवलेले अंतर एकेका चढावर परत मिळवायला सुरुवात केली. शेवटच्या टप्प्यात ती पुन्हा आघाडीच्या खेळाडूंत होती. रशियाची लारिसा लाझुतिना तिच्या बरोबरीने होती. बेल्मोन्दोने ३९ मिनिटे ५४.४ सेकंदांत अंतिम रेषा ओलांडली, लाझुतिना १.८ सेकंदांनी मागे राहिली. पहिल्या सुवर्णानंतर दहा वर्षांनी हे दुसरे सुवर्ण आले.

इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, कारण ती त्या दिवशी छापून आली. माझ्याकडे त्या बातमीचे कात्रण आहे. शाळेतली जुनी हजेरीवही घेऊन मी तिची कात्रणवही केली होती. खळीने चिकटवलेल्या कागदांमुळे ती आता दुप्पट जाड झाली आहे आणि पाने फुगून वरच्या कडेला पिवळी पडली आहेत. ज्या दैनिकातून मी ती बातमी कापली ते आपले नव्हते. त्या चार ओळींच्या बातमीत पहिली बेल्मोन्दो, दुसरी लाझुतिना, तिसरी चेक प्रजासत्ताकाची कातेर्झिना नॉयमानोव्हा असे छापले आहे. आज हा निकाल चुकीचा आहे. दुसरी नॉयमानोव्हा आहे आणि तिसरी रशियाची युलिया चेपालोवा.

ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवसांत काय घडले ते थोडक्यात असे. २१ फेब्रुवारीला रिलेपूर्वी झालेल्या रक्ततपासणीत लाझुतिनाचे हिमोग्लोबिन मर्यादेबाहेर आढळले आणि रशियाच्या स्त्रियांच्या संघाला शर्यतीतून बाहेर राहावे लागले. २४ तारखेला ३० किलोमीटरची शर्यत झाली. लाझुतिना सर्वांत आधी पोहोचली, इटलीची गॅब्रिएला पारुत्सी दुसरी आणि बेल्मोन्दो तिसरी. त्याच दिवशी लाझुतिनाला अपात्र ठरवण्यात आले, कारण तिच्या नमुन्यात डार्बेपोएटिन सापडले होते. रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे हे औषध मुळात मूत्रपिंडाच्या विकारातील पंडुरोगासाठी बनवलेले. तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो आणि लांब पल्ल्याच्या खेळात, त्यातही १७०० मीटर उंचीवर, त्याचा केवढा लाभ होतो हे सांगायला नको. औषध तेव्हा नवे होते आणि ते चाचणीत सापडणार नाही असे घेणाऱ्यांना वाटले असावे. पारुत्सी सुवर्णाची मानकरी ठरली, बेल्मोन्दोचे कांस्य रौप्य झाले. रशियाचीच ओल्गा दानिलोवा हीही त्याच औषधासाठी दोषी आढळली.

त्या दोघींचे त्याच ऑलिंपिकमधले आधीचे निकाल मात्र तेव्हा तसेच राहिले. ते रद्द होण्यासाठी पुढे क्रीडा लवादापर्यंत जावे लागले आणि अंतिम दुरुस्ती व्हायला जवळजवळ दोन वर्षे गेली. १२ फेब्रुवारीच्या १० किलोमीटर क्लासिकल शर्यतीत नॉर्वेची बेन्ते स्कारी पहिली, दानिलोवा दुसरी, चेपालोवा तिसरी आणि बेल्मोन्दो चौथी होती. दानिलोवाचे नाव निघाल्यावर बेल्मोन्दो तिसरी झाली. आपल्या चौकटीत राहून गेलेले दहावे पदक ते हेच. तोवर तिने शर्यती सोडून दिल्या होत्या.

संपादक महोदय, एकाच ऑलिंपिकमध्ये बेल्मोन्दोने तीन वैयक्तिक पदके मिळवली आणि त्या तिन्ही शर्यतींचा मूळ क्रम आज ग्राह्य नाही. सुवर्णाच्या शर्यतीत तिच्या मागचे क्रम बदलले, ३० किलोमीटरमध्ये तिचे पदक बदलले आणि १० किलोमीटरमध्ये नसलेले पदक आले. पहिल्या शर्यतीबद्दल मला विशेष वाटते ते असे की, वाटेत एक काठी मोडूनही तिने जिला १.८ सेकंदांनी हरवले, तिचा निकाल पुढे त्याच औषधाच्या प्रकरणात बाद झाला. म्हणजे तो विजय त्या दिवशी दिसला त्यापेक्षा किती तरी मोठा होता. पण हे कळायला दोन वर्षे लागली, आणि ते कळले तेव्हा ती बातमी राहिली नव्हती.

हाच प्रकार कॅनडाच्या बेकी स्कॉटच्या बाबतीत आणखी ठळकपणे दिसतो. त्याच ऑलिंपिकमधल्या पाठलागाच्या शर्यतीत ती दानिलोवा आणि लाझुतिना यांच्या मागे तिसरी आली होती. तिचे कांस्य आधी रौप्य झाले आणि अखेर जून २००४ मध्ये व्हँकुव्हर येथे तिला सुवर्णपदक देण्यात आले. आपल्याकडचे उदाहरण अंजू बॉबी जॉर्जचे आहे. २००५ च्या जागतिक ॲथलेटिक्स फायनलमध्ये तिने लांब उडीत रौप्य मिळवले होते. तेथे पहिली आलेल्या रशियन खेळाडूच्या जुन्या नमुन्यात दोष आढळल्यावर २०१४ साली तिचे रौप्य सुवर्ण झाले. नऊ वर्षांनी. रशियाची नावे येथे वारंवार येतात ती केवळ या शर्यतींची नोंद तशी आहे म्हणून. त्याच सॉल्ट लेक सिटीत स्पेनकडून खेळणाऱ्या योहान म्युलेगचेही ५० किलोमीटरचे सुवर्ण याच औषधापायी गेले, आणि त्या काळात इटलीचे क्रीडाक्षेत्रही संशयापासून मोकळे नव्हते. एखाद्या देशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी मी हे लिहीत नाही.

निकाल बदलल्याने जिला पदक मिळते, तिचे काय होते, याविषयी मी येथे एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेत माझी एक विद्यार्थिनी तीन हजार मीटरमध्ये चौथी आली. पहिली आलेली मुलगी वयोमर्यादेबाहेरची असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि तिला बाद करण्यात आले. माझी विद्यार्थिनी तिसरी झाली. मी तिच्या प्रमाणपत्रासाठी संबंधित कार्यालयात चार वेळा गेलो. मूळ यादी बदलता येत नाही, असे मला सांगण्यात आले. मग यादी बदलली, पण प्रमाणपत्र शिल्लक नाही, असे सांगण्यात आले. त्या मुलीच्या गावात आजही ती चौथीच आहे, कारण गावाने वाचला तो पहिल्या दिवशीचा निकाल. त्या मुलीने मला विचारले होते, ‘सर, मी तिसरी आले हे कोणाला सांगू?’ याचे उत्तर माझ्याजवळ तेव्हाही नव्हते.

बेल्मोन्दोला निदान इतका तरी न्याय मिळाला की तिच्या देशाने तिची आठवण ठेवली. २००६ चे हिवाळी ऑलिंपिक तुरिन येथे, म्हणजे तिच्याच पिएमोन्ते प्रांताच्या राजधानीत, भरले. १० फेब्रुवारीच्या उद्घाटनाला मशाल स्टेडियममध्ये आणली इटलीचा नामवंत स्कीपटू आल्बेर्तो तोम्बा याने. त्याच्याकडून ती १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये नॉर्वेला नॉर्वेच्याच भूमीवर हरवणाऱ्या पुरुषांच्या रिले संघातील चौघांकडे गेली, मग पिएरो ग्रोस, मग देबोरा कोम्पान्योनी या इटलीच्याच स्कीपटूंकडे आणि शेवटी बेल्मोन्दोकडे. ५७ मीटर उंच स्तंभावरची ज्योत तिच्या हातून पेटली. आपल्या चौकटीत या प्रसंगाचे छायाचित्र होते आणि ते उत्तम निवडले होते. जाता जाता एक सांगतो : त्याच ऑलिंपिकच्या समारोपाला ५० किलोमीटरचे सुवर्ण जिंकणाऱ्या जॉर्जिओ दी चेन्ताच्या गळ्यात पदक घातले ते त्याची बहीण मान्युएला हिने, ती तोवर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची सदस्य झाली होती आणि २००३ मध्ये एव्हरेस्टच्या शिखरावरही जाऊन आली होती. ज्या दोघींच्या चढाओढीवर एकेकाळी इतकी शाई खर्च झाली, त्या दोघींना त्या एका ऑलिंपिकच्या प्रारंभी आणि शेवटी असे मानाचे स्थान मिळाले, हे मला फार आवडले.

बेल्मोन्दोच्या काळात ३० किलोमीटर हा स्त्रियांचा सर्वांत लांब पल्ला होता. स्त्री-पुरुषांची अंतरे सारखी करण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२२ मध्ये घेतला आणि २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकच्या कार्यक्रमात स्त्रियांसाठीही ५० किलोमीटरची शर्यत प्रथमच आली, तीही इटलीतच, व्हाल दी फिएम्मे खोऱ्यातील तेसेरो येथे. अशा शर्यतींचे निकाल आपण छापता, यापुढेही छापाल. त्यांतले काही निकाल पुढे बदलतीलही. साठवून ठेवलेले नमुने वर्षांनंतर पुन्हा तपासले जातात, आणि ती पद्धत योग्यच आहे.

म्हणून माझी विनंती इतकीच आहे. एखाद्या स्पर्धेचा निकाल अधिकृतपणे बदलला, तर मूळ निकाल ज्या पानावर छापला होता त्याच पानावर, शक्य तर त्याच आकाराच्या अक्षरांत, बदललेला निकाल छापावा. पदक गमावणाऱ्याची बातमी आपण सगळेच ठळकपणे छापतो. त्याच बातमीत ते पदक कोणाकडे गेले त्या खेळाडूचे नाव, तिचा देश आणि ती मूळ शर्यतीत कितवी आली होती, या तीन गोष्टी अवश्य असाव्यात. यासाठी फार तर चार ओळींची जागा लागेल. आणि बेल्मोन्दोविषयीच्या चौकटीतील आकडा नऊऐवजी दहा असा दुरुस्त करून, ते दहावे पदक कोणत्या शर्यतीचे आहे तेही आपण नमूद करावे.

सोबत माझ्या कात्रणवहीतील त्या पानाची झेरॉक्स प्रत जोडत आहे. छापील निकालाच्या बाजूला पेनाने जी नावे लिहिली आहेत ती दुरुस्ती माझी आहे; मूळ पानावर ती लाल शाईत आहेत, प्रतीत काळी दिसतील. १० किलोमीटरच्या शर्यतीचे कात्रण त्या वहीत नाही, कारण त्या दिवशी बेल्मोन्दो चौथी आली होती आणि चौथ्या क्रमांकाचे नाव माझ्याकडे येणाऱ्या दैनिकाने छापलेच नव्हते. त्यासाठी मी वहीत जागा मोकळी सोडली आहे. आपण दुरुस्ती छापलीत, तर ते कात्रण तेथे लावीन.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिक जिल्हा